‘पडतील स्वाती’: तारा एकच, मग क्रियापद अनेकवचनी का?

प्रश्न असा आला आहे: ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ या म्हणीतली स्वाती म्हणजे उन्हाळ्यात रात्री डोक्यावर येणारा नारिंगी ताराच का? असेल तर एकट्या ताऱ्याला ‘पडतील’ कसं? लिहायचं ‘स्वाती’ की ‘स्वाति’? आणि म्हणायचं ‘तो’ स्वाती की ‘ती’?

आधी तारा पाहू. सप्तर्षीची शेपटी जशी वळली आहे, त्याच वळणाने नजर पुढे नेली की जो ठसठशीत, तांबूस-नारिंगी तारा लागतो तो स्वाती. अंतर सुमारे 37 प्रकाशवर्षं. खगोलाच्या पुस्तकात हा ‘राक्षसी तारा’, म्हणजे फुगलेला, व्यासाने सूर्याच्या साधारण पंचवीसपट. मेअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास मुंबईत किंवा नगरला गच्चीवर उताणं पडलात तर तो जवळजवळ नाकासमोर असतो. (ग्रीकांनी त्याला ‘अस्वलाचा राखणदार’ म्हटलं, कारण आपले सप्तर्षी त्यांच्या मोठ्या अस्वलात येतात. आपल्या ‘ऋक्ष’ शब्दालाही अस्वल आणि तारा असे दोन्ही अर्थ आहेत, पण तिकडे वळलो तर परत येणं अवघड!)

म्हणीतली स्वाती मात्र हा तारा नव्हे. सूर्याच्या वाटेचे 27 समान भाग पाडले, त्यातला एक स्वाती. ताऱ्याचं नाव त्या भागाला मिळालं. तारा स्वतः त्या वाटेपासून सुमारे 31 अंश उत्तरेला आहे, हात लांब करून धरलेल्या तीन मुठी. सूर्य या भागात साधारण 24 ऑक्टोबरला शिरतो आणि तेरा-चौदा दिवस राहतो. तेवढ्या दिवसांत जो पाऊस येतो तो स्वातीचा. गंमत म्हणजे तेव्हा तारा सूर्यामागोमाग मावळतो, रात्री दिसतच नाही.

आता ‘पडतील’. आपल्याकडे नक्षत्र पडतं म्हणजे त्या नक्षत्राचा पाऊस पडतो. ‘यंदा मघा चांगल्या पडल्या’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तारे नसतात, सरी असतात. ‘मृग पडला’ मात्र एकवचनी, कारण मृग पुल्लिंगी आणि एकटा. स्वातीही एकटीच, तरी तिला सरींचं अनेकवचन मिळालं. माझ्या मते मघांच्या पंगतीत बसून ती तसं बोलायला लागली असावी. शिवाय हे अनेकवचन नामावरून कळत नाही. ‘नदी’चं ‘नद्या’ होतं, पण ‘कृती’, ‘व्यक्ती’, ‘पद्धती’ जशाच्या तशा राहतात, तशीच ‘स्वाती’. क्रियापद बोललं तरच कळतं.

मोती कुठून आले? स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही कल्पना भर्तृहरीच्या नीतिशतकात आहे, वामन पंडितांनी ती मराठीत आणली. शेतकऱ्याने तिचा उपयोग आपल्या परीने केला. त्याचे मोती रब्बीच्या ज्वारीचे: पेरा झालेला, मान्सून परतलेला, जमिनीत ओल हवी. ज्याचा कापूस वेचणीला आलाय त्याला विचाराल तर तो याच पावसाला शिव्या घालेल.

लेखनाचं सोपं आहे. सुटा शब्द दीर्घ: ‘स्वाती’. समासात पहिलं पद आलं तर ऱ्हस्व: ‘स्वातिनक्षत्र’, जसं ‘कवी’ पण ‘कविमन’. ‘स्वाती नक्षत्र’ असं तोडून लिहिलंत तर दीर्घच. लिंगाचंही विचारलं होतं: ‘स्वाती तारा उगवला’, पण नुसतं नाव घेतलं तर ‘स्वाती उगवली’.