कंपनीच्या 25 वर्षांनिमित्त आमच्या नावाचे छोटे धातूचे ट्रक बनवून घ्यायचे आहेत. कसे आणि कुठून घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की ट्रान्सपोर्टच्या धंद्याला 25 वर्षं होतायत, दिवाळीला पार्ट्यांना आणि स्वतःच्या ड्रायव्हरांना तुमच्या रंगातला, तुमचं नाव असलेला छोटा ट्रक द्यायचाय, साधारण 500 नग, आणि चीनच्या एका साइटवर भाव फारच कमी दिसतोय. मी पुण्यात कॉर्पोरेट गिफ्टिंगचं काम करतो, त्यामुळे या भानगडीशी माझा नेहमीचा संबंध आहे. आधी उत्तर सांगतो, मग कारणं: 500 नगांसाठी नवी डाय, म्हणजे धातू ओतायचा साचा, बनवायच्या फंदात पडू नका. कोणाकडे तरी तयार असलेलं कास्टिंग, म्हणजे साच्यातून ओतलेला ट्रक, घ्या, फक्त रंग आणि छपाई तुमची करून घ्या. आणि चीनचा भाव तूर्त विसरा.

नवी डाय म्हणजे काय ते बघा. ट्रक एक दिसला तरी साचा एक नसतो. केबिनची झिंकची डाय वेगळी, मागच्या बॉडीची वेगळी. खालची चासी बहुधा प्लास्टिकची असते, तिचा इंजेक्शन मोल्ड वेगळा. काचा पारदर्शक प्लास्टिकच्या, त्यांचा वेगळा. चाकांचा आणखी वेगळा. झिंकची मिश्रधातू 380-390 अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मानाने बरीच थंड, त्यामुळे डाय कमी झिजते आणि नीट सांभाळली तर लाखो शॉट मारते, म्हणजे लाखो वेळा ओतता येतं. तिची किंमतही त्याच हिशेबाची असते. तुम्ही त्यातून 500 काढणार. समजा सगळं टूलिंग 10 लाखांत बसवलं, तरी धातू ओतायच्या आधीच नगामागे 2,000 रुपये पडले. ज्यांना दर वर्षी हजारोंनी नग लागतात, उदाहरणार्थ ट्रॅक्टर किंवा बस बनवणारे, त्यांना ते परवडतं. तुम्हाला नाही.

आणि यात कमीपणा काहीच नाही. जाहिरातीच्या छोट्या गाड्यांचा धंदा पहिल्यापासून असाच चाललाय. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1934 मध्ये डिंकी या नावाच्या खेळण्यातल्या डिलिव्हरी व्हॅन काढल्या, तेव्हा गाडी तीच ठेवून एकीवर ऑक्सो, दुसरीवर कोडॅक अशी नावं चढवली. मॅचबॉक्सच्या लेस्नी कंपनीचे जॅक ओडेल यांनी 1982 मध्ये लेडो नावाची कंपनी काढली, तिने तर याचं शास्त्रच केलं. फोर्ड मॉडेल टी व्हॅनसारखी मोजकी जुन्या धाटणीची कास्टिंग्ज, आणि त्यांच्या अंगावर जो पैसे देईल त्याचं नाव. त्यांनी कारपेक्षा व्हॅन का निवडल्या, हे लक्षात घेण्यासारखं आहे. व्हॅनला सपाट, मोकळी बाजू असते. तुम्हीही कंटेनर बॉडीचा किंवा बंद बॉडीचाच ट्रक निवडा. फाळक्यांचा उघडा ट्रक दिसायला झकास, पण त्याच्या उभ्या पट्ट्यांवर नाव छापलं की अक्षरं तुटतात.

आता मापाचा हिशेब, कारण सगळी निराशा इथेच होते. संग्राहकांमध्ये सर्वात चालणारं माप 1:64, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टावा भाग. तुमचा 32 फुटी कंटेनर या मापात सुमारे 15 सेंटीमीटर होतो. छान, टेबलावर ठेवण्याजोगा. पण त्याच कंटेनरवर एक फूट उंचीने रंगवलेलं नाव पाच मिलिमीटरच्या आत येतं, आणि तीन इंची फोन नंबर जेमतेम सव्वा मिलिमीटर. म्हणून खऱ्या ट्रकचा फोटो देऊन 'डिट्टो असंच करा' म्हणू नका. नाव प्रमाणापेक्षा मोठं घ्या, फोन नंबर, जीएसटी नंबर आणि ऑफिसचे पत्ते बॉक्सवर टाका. ट्रकवर नाव, लोगो आणि फार तर 'आई तुळजाभवानी प्रसन्न' एवढं पुरे. (मागे 'हॉर्न ओके प्लीज' हौसेने टाका. राज्य सरकारने 2015 मध्ये ते खऱ्या ट्रकवरून काढायला लावलं, खेळण्यावर बंदी नाही.)

मराठीत नाव टाकणार असाल तर आणखी एक. देवनागरी अक्षर लहान झालं की आधी मरतात त्या वरच्या-खालच्या खुणा. 'ट्रान्सपोर्ट'मधला रफार, 'श्री'ची वेलांटी, 'प्रसन्न'मधला न्न, अनुस्वाराचं टिंब, हे सगळं शाईने भरून एक ठिपका होतं. जाड पण आतून मोकळा फॉन्ट घ्या, सुलेखनाचा बारीक-जाड स्ट्रोक असलेला नको. आणि डीटीपीवाल्याकडून कोरलड्रॉची फाइल घेताना सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी आकारांत, करून घ्या, कंट्रोल-क्यू दाबायचं एवढंच काम असतं. श्रीलिपीत टाइप केलेलं तसंच पाठवलं आणि छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर तुमच्या नावाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात, आणि छापणारा जर मराठी वाचणारा नसेल तर तो ती इमानेइतबारे छापतोसुद्धा. व्हॉट्सॲपवरून आलेला लोगोचा फोटो तर चालतच नाही.

छपाई होते ती पॅड प्रिंटिंगने, खेळण्याच्या धंद्यात तिला टॅम्पो म्हणतात. पोलादी प्लेटवर तुमचं डिझाइन केसाहूनही कमी खोलीचं कोरलेलं असतं. त्यात शाई भरते, वरची जादा शाई पात्याने निपटली जाते, मग सिलिकॉनचा एक मऊ पॅड, आकाराने थेट उकडीच्या मोदकासारखा, प्लेटवर दाबून शाई उचलतो आणि जिगमध्ये (वस्तू जागच्या जागी धरणाऱ्या चौकटीत) बसवलेल्या ट्रकवर टेकवतो. पॅड मऊ असल्याने किंचित गोलाई किंवा खाचखळगा असला तरी छाप उमटते. पण एका वेळी एकच रंग. लाल नाव, पिवळी बॉर्डर आणि निळा लोगो म्हणजे तीन प्लेट आणि एका बाजूला तीन ठसे. दोन बाजू धरल्या तर नगामागे सहा, 500 नगांना 3,000 ठसे. क्वोटेशन आलं की हेच बघा: प्लेट आणि जिगचा एकदाचा खर्च किती, एका ठशाचा भाव किती, बॉक्स किती. नुसता 'पर पीस अमुक' असा एकच आकडा देणाऱ्याकडून फोडून मागा, नाहीतर दोन क्वोटेशनची तुलनाच होत नाही. लोगोत फिकटापासून गडदापर्यंत जाणारी छटा असेल तर एक सपाट रंगाचा लोगो करून घ्या, टॅम्पोत छटा नीट येत नाही. सपाट कंटेनरवर यूव्ही प्रिंटिंगने येते, पण माझ्या मते तिला ती फॅक्टरीच्या छपाईची सफाई नाही.

सॅम्पल हातात आलं की छापलेल्या जागेवर ब्लेडने बारीक चौकटी पाडा, वर सेलोटेप घट्ट चिकटवा आणि झटक्यात ओढा. शाई टेपबरोबर आली तर तिच्यात हार्डनर (शाई घट्ट करणारं रसायन) कमी पडलाय किंवा भट्टीत नीट भाजलेली नाही. गोडीगुलाबीने परत पाठवा.

आता चीन. ग्वांगडाँग प्रांतात, डोंगग्वान आणि शांतौच्या छंगहाय भागात, खेळण्यांचा प्रचंड उद्योग आहे, काम उत्तम करतात, याबद्दल वाद नाही. अडचण आपल्या बाजूची आहे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी असलेली वस्तू म्हणजे खेळणं. हे बाहेरच्या कारखान्यालाही लागू, त्याच्याकडे भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) लायसन्स हवं. वर सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. 'आम्ही विकत नाही, फुकट वाटतोय' ही पळवाट नाही, कायद्यात आयात आणि वितरण दोन्ही धरलेलं आहे. एजंट सांगेल, 'साहेब, शोपीस म्हणून बिल करू.' त्याला म्हणावं, तसं लेखी दे. चाकं फिरणारा ट्रक कस्टमच्या माणसाला ट्रकच दिसतो, आणि माल न्हावा-शेव्याला अडकून पडला की दिवाळी कोणासाठी थांबत नाही.

म्हणून सरळ रस्ता असा: ज्याच्याकडे आयएसआय लायसन्स आहे आणि ट्रकचं कास्टिंग तयार आहे असा भारतीय उत्पादक गाठा आणि रंग-छपाईही त्याच्याकडूनच करून घ्या. त्याच्याकडून कोरे ट्रक आणून दुसरीकडे छापणं स्वस्त वाटतं, पण मग ती वरची शाई कोणाच्या लायसन्सखाली, हा प्रश्न उरतोच. बॉक्सवर सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, लायसन्स कोणाचं, कशाचं आणि चालू आहे का ते दिसतं. रंगाचा भाग किरकोळ समजू नका. 2007 मध्ये मॅटेलसारख्या कंपनीला रंगात शिसं निघालं म्हणून लाखो डाय-कास्ट जीप परत बोलवाव्या लागल्या होत्या. तुम्ही ट्रक देणार पार्टीच्या मालकाला, पण संध्याकाळी तो त्याच्या नातवाच्या तोंडात असणार.

राजकोट, भोसरी, दिल्लीच्या आसपास झिंक डाय कास्टिंगवाले भरपूर आहेत, हँडल, कुलपं, गाड्यांचे सुटे भाग ओतणारे. त्यांच्यापैकी कोणी 'ट्रक पण करून देतो' म्हणाला तर त्याला दोन गोष्टी विचारा. एक, खेळण्याचं लायसन्स आहे का. दोन, धातू कुठला. खेळण्यांना बहुतेक झामॅक 3 वापरतात: झिंक, त्यात सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम आणि नावापुरतं मॅग्नेशियम. शिसं 0.005 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. भंगारातला धातू मिसळला की शिसं, कथील, कॅडमियम शिरतं आणि मग काही वर्षांनी ओतीव वस्तू आतूनच कुजते. आधी फुगते, मग केसासारख्या भेगा, शेवटी बोटाने दाबली की भुगा. वर ज्या डिंकी व्हॅन सांगितल्या, त्यांतल्या युद्धापूर्वीच्या कितीतरी संग्राहकांच्या कपाटात अशाच फुटल्या. यावर इलाज नाही, रंगाने थांबत नाही. इनगॉटचं, म्हणजे ओतायला आणलेल्या धातूच्या लगडीचं, टेस्ट सर्टिफिकेट मागायला लाजू नका.

तुमच्या ताफ्यात ज्या कंपनीचे ट्रक आहेत तिचा बॅज आणि ग्रिल हुबेहूब हवं असेल तर त्या कंपनीची परवानगी लागते. बिनबॅजचं, कोणासारखंही नसलेलं केबिन घ्या, बघणारा तुमचा रंग ओळखतो. दुकानातून नामांकित कंपनीच्या गाड्या आणून त्यांवर आपला लोगो चिकटवायची आयडिया कोणीतरी देईलच. 20-25 नग घरच्या कौतुकापुरते ठीक, 500 करू नका. त्या कंपनीने तुमच्यासाठी बनवल्यासारखं दिसतं आणि तिला ते आवडणार नाही.

किरकोळ गोष्टी: फुकट वाटलेल्या भेटवस्तूंवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, सीएला आधीच सांगा. पार्ट्यांसाठी ट्रक लाकडी पट्टीवर स्क्रूने बसवून वर ॲक्रिलिकची पेटी केली तर किमतीच्या मानाने भेट फार भारदस्त दिसते. आणि ऑर्डर गणपतीच्या बरीच आधी पक्की करा. आर्टवर्क, प्लेट, सॅम्पल, दुरुस्ती, पुन्हा सॅम्पल यात दिवस कसे जातात कळत नाही, आणि दसऱ्यानंतर कुठलाही बॉक्सवाला तुमचा फोन उचलत नाही. मंजूर सॅम्पलचे दोन नग काढून दोन्हींच्या बुडाला सही-तारीख करा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. बाकीची रक्कम त्या नगाशी माल ताडून बघितल्यावरच द्या.

ड्रायव्हरांच्या ट्रकबद्दल मात्र एक सुचवतो. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या गाडीचा नंबर टाकून द्या. टॅम्पोने हे जमणार नाही, दर नंबराला नवी प्लेट लागेल. फायबर लेझरने जमतं: लेझर वरचा रंग जाळून खालचं चकचकीत झिंक उघडं करतो, आणि नंबरांची एक्सेलची यादी दिली की मशीन एकामागून एक कोरत जातं. फक्त नंबरप्लेटच्या जागी कोरू नका. ट्रकची खरी प्लेट 340 बाय 200 मिलिमीटरची, ती 1:64 मध्ये जेमतेम पाच बाय तीन मिलिमीटर होते, त्यात दहा अक्षरं वाचता येत नाहीत. मागच्या दारावर मोठा कोरून घ्या. आणि या कामाचं क्वोटेशन वेगळं मागवा, कारण ते जिथे छपाई होते तिथेच होईल असं नाही.