भंगारातल्या ट्रंकेत दुसऱ्याच्या आजोबांचं ताम्रपत्र

प्रश्न : शहापुरातल्या भंगारवाल्याकडून साडेतीन हजारांना जुनी ट्रंक घेतली. आत एका स्वातंत्र्यसैनिकाचं 1972 चं ताम्रपत्र, 1942 साली हिंडलगा तुरुंगातून त्यांनी घरी लिहिलेली पत्रं आणि 1924 च्या बेळगाव काँग्रेसचा बिल्ला निघाला. मी व्हॉट्सॲपवर फोटो टाकले. ते पाहून त्यांचे नातू 'आमचं आहे, परत द्या' म्हणत आले. एक संग्राहक मात्र चाळीस हजार देतोय, त्याला सगळं दुबईला न्यायचंय. पैसे मोजून घेतलंय, मग माझंच ना? — वाचक, खानापूर

उत्तर : पैसे मोजले एवढ्यानं मालकी येत नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 27 प्रमाणे विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. तेव्हा ट्रंक त्या घरातून बाहेर कशी पडली, हे आधी शोधा. चोरीला गेली किंवा भाडेकरूनं परस्पर विकली असेल, तर ती त्यांचीच. तुमचे पैसे भंगारवाल्याकडून मागा. एखाद्या वारसानंच विकली असेल, तर गोष्ट वेगळी. सामाईक वस्तू बाकीच्यांच्या परवानगीनं त्याच्या एकट्याच्या ताब्यात होती आणि तुम्ही ती काही ठाऊक नसताना घेतली, तर कलम 28 तुमच्या बाजूनं आहे. नातवांचं म्हणणं लेखी घ्या, सोबत नाडकचेरीतला, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातला, वंशवृक्ष मागा.

'इतकी वर्षं कुठं होता?' हा बचाव टिकणार नाही. हरवलेल्या वा चोरलेल्या वस्तूसाठी दाव्याची मुदत 3 वर्षं, पण ती वस्तू कुणाकडे आहे हे कळल्यापासून मोजतात. आणि चोरीचा माल आहे हे कळूनही लबाडीनं ठेवला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागतं.

दुबईचा विषय तर आजच बंद करा. शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यानं पुरावशेष, म्हणजे जपायची जुनी वस्तू, ठरते. ऐतिहासिक मोलाच्या कागदपत्रांना 75 वर्षं पुरतात. म्हणजे बिल्ला आणि पत्रं दोन्ही त्यात येतात. खासगी माणसानं ती देशाबाहेर नेली तर किमान 6 महिने, कमाल 3 वर्षं कैद. माहीत असून तुम्ही त्याच्या हाती दिलीत, तर तुम्हीही गोत्यात याल.

व्हॉट्सॲपवरचे पत्रांचे फोटोही काढून टाका. कागद तुमचा ठरला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा, आणि अप्रकाशित पत्रांना तो मृत्यूनंतरही राहतो. घरच्यांना लिहिलेलं गावभर वाचलं जावं, असं त्या माणसाला वाटलं नसणार.

माझं स्पष्ट मत : कलम 28 तुमच्या बाजूनं निघालं तरी ताम्रपत्र आणि पत्रं परत द्या. तो मान त्या माणसाचा आहे, साडेतीन हजारांत तो आपला होत नाही. दिलेली रक्कम परत मागण्यात गैर काही नाही. बिल्ल्याचं दोघांनी बसून ठरवा.

देताना प्रत्येक वस्तूचे शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, यादी करा आणि सगळ्या वारसांच्या सह्यांची पोच घ्या. एकाच नातवाच्या हाती दिलंत, तर उद्या दुसरा तुमच्यावरच दावा लावेल. वारसांतच वाद असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 88 खाली दावा करून वस्तू कोर्टाच्या हवाली करता येतात. तोवर ताम्रपत्राला चिंच-मीठ लावू नका, अक्षरं झिजतात. पत्रांना लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको.