भिडे वाड्यातली शाळा नेमकी कोणी चालवली?

तुमचा प्रश्न असा आहे: भिडे वाड्यातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका सावित्रीबाईच होत्या का, आणि पुढे ती शाळा कोणाच्या हाती गेली?

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दर ३ जानेवारीला आमच्याकडे भाषणं होतात, पण सगळी भाषणं शाळा सुरू झाली तिथेच थांबतात. म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते.

शिकवण्याची धुरा सावित्रीबाईंकडेच होती. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात वर्ग भरू लागला, तेव्हा त्या जेमतेम १७ वर्षांच्या. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवलं होतं; त्यापुढचा अभ्यास सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या जोतीरावांच्या मित्रांनी करून घेतला. वर्षभरात शाळेपायी दोघांना राहतं घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात आणि रास्ता पेठेत मुलींच्या आणखी शाळा निघाल्या.

कारभाराबद्दल मात्र जोतीरावांचीच साक्ष बघा. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात ते सांगतात की पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, एतद्देशीयांची, म्हणजे इथल्या लोकांनी काढलेली, एकही नव्हती, म्हणून आपण काढली आणि पत्नीसह बरीच वर्षं तिथे काम केलं. नंतर ती शिकलेल्या एतद्देशीयांच्या मंडळीच्या हाती सोपवली. मला हा निर्णय शाळा काढण्याइतकाच मोठा वाटतो. सगळं नवराबायकोच्या खांद्यावर राहिलं असतं, तर एकाच्या आजारपणातही शाळा अडली असती. आणि तशी वेळ आलीही. ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाई माहेरी नायगावला आजारी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी कसली, तर सोबत शिकवणाऱ्या फातिमा शेखला त्रास पडत असेल याची. पण ती कुरकुर करणार नाही, असंही त्या लिहितात. दोन बायका एकमेकींच्या भरवशावर वर्ग सांभाळत होत्या, हे त्या एका ओळीत दिसतं. मी ती ओळ दरवर्षी मुलींना वाचून दाखवते.

नऊ-दहा वर्षांनी जोतीराव या कामातून बाहेर पडले. कारण त्यांनी निवेदनात दिलेलं नाही. १८८२ मध्ये मुलींच्या शाळा चालू होत्या, पण शिक्षण खात्याकडे, मिचेलबाईंच्या देखरेखीखाली. महार-मांग मुलांसाठी काढलेल्यांपैकी एक शाळाही तग धरून होती, मात्र तिची अवस्था समाधानकारक नाही, असं त्यांनी आयोगापुढे मांडलं. याच शाळांमधून मुक्ता साळवे शिकली होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला.

वाडा बघायला जाणार असाल तर तो आता नाही. मोडकळीला आलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, स्मारकासाठी. जागा दगडूशेठ गणपतीच्या देवळासमोरच आहे.