परराष्ट्र सेवेसाठी पदवी कोणती?

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेत आहे. तिला परराष्ट्र सेवेत जायचंय. पदवीलाच ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ घ्यावं का? खासगी विद्यापीठाची फी आम्हाला झेपणारी नाही.
– एक आई, निफाड

उत्तर : ताई, फीसाठी कर्ज काढू नका. परराष्ट्र सेवेची वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जाते आणि तिथे कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीएला राज्यशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊ द्या. पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए दिल्लीच्या जेएनयूसारख्या सरकारी विद्यापीठातही करता येतं. मात्र एक परकी भाषा आतापासूनच नेटानं शिकू द्या; पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तशी सोय आहे.

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना पहिल्या वर्षाच्या वर्गात मी सुरुवात कांद्यापासून करते. केंद्रानं डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी घातली. मे २०२४मध्ये ती उठवली, पण ४० टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी दरानं कांदा बाहेर पाठवता येत नाही) ठेवलं. त्या काळात लासलगावात भाव काय होते, बांगलादेशानं कांदा कुठून आणला, दिल्लीनं कोणत्या देशांना सूट दिली आणि का, हे तिला शोधू द्या. बाजार समिती तुमच्या तालुक्यातच आहे, व्यापाऱ्यांशी बोलणं तिला सहज जमेल. चार पानं लिहून मला पाठवायला सांगा. मी नक्की वाचेन.