झेंडा अर्ध्यावर ‘झुकवला’ की ‘उतरवला’?

इंदूरच्या रामबागेतून एका वाचकाने विचारलं आहे: ‘आमच्या मंडळाच्या फलकावर राष्ट्रीय दुखवट्याची सूचना लिहिताना मी “राष्ट्रध्वज अर्धा झुकवण्यात आला आहे” असं लिहिलं. नाशिकहून आलेली आत्या ते वाचून म्हणाली, “अरे, झेंडा कधी झुकवतात का?” इथे तर सगळे असंच म्हणतात. बरोबर काय?’

आत्याचं बरोबर आहे. मराठीत राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवतात.

तुमचं वाक्य कुठून आलं तेही मला कळतं, कारण मीही इंदूरचाच. सकाळी दारात हिंदी पेपर पडतो आणि त्यात छापलेलं असतं, ‘राष्ट्रध्वज आधा झुका रहेगा’. हिंदीत हा प्रयोग रुळलेला आहे, त्यात वावगं काही नाही. आपण मात्र तोच शब्द उचलून त्याला मराठी प्रत्यय जोडतो आणि अर्थ बदलून जातो. मराठीत झुकणं म्हणजे कलणं, वाकणं. तराजूचं पारडं झुकतं, फळांनी लगडलेली फांदी झुकते, मोठ्यांपुढे मान झुकते. झेंड्याच्या बाबतीत तर या शब्दाला हार मानल्याचा वास येतो. आपल्याकडे पराक्रम सांगायचा तर ‘अटकेपार झेंडे लावले’ असं म्हणतात. 1758 च्या त्या उत्तरेच्या मोहिमेत राघोबादादांबरोबर आपले मल्हारराव होळकरही होते. ज्या भाषेत झेंडा लावणं, रोवणं म्हणजे जिंकणं, तिथे झुकवणं कानाला खटकणारच.

पण नुसत्या कानाचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. झेंडा झुकवणं ही एक निराळीच कृती आहे. मानवंदना देताना काठीसकट झेंडा पुढे कलता करायचा, याला झुकवणं म्हणतात. पलटणींची निशाणं संचलनात अशी झुकवली जातात. राष्ट्रध्वजाला मात्र ते वर्ज्य आहे: कोणत्याही व्यक्तीपुढे किंवा वस्तूपुढे तिरंगा झुकवायचा नाही, असं 26 जानेवारी 2002 पासून लागू झालेली ध्वजसंहिता स्पष्ट सांगते. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणारा 1971 चा कायदा आहे, त्यातही मानवंदनेसाठी ध्वज झुकवणं हा अवमान धरला आहे. त्याच यादीत, वेगळ्या कलमात, सरकारी सूचना नसताना ध्वज अर्ध्यावर ठेवण्याचा उल्लेख येतो. कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. तेव्हा ‘राष्ट्रध्वज झुकवण्यात आला’ असं फलकावर लिहिणं म्हणजे जे कधीच करायचं नसतं ते केलं, असं लिहिणं.

आता ‘उतरवला’ हाच शब्द का, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 6 फेब्रुवारी 2022 ला लता मंगेशकर गेल्या. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. लताबाईंचा जन्म इंदूरचा, 1929 चा, त्यामुळे गावात घरचं कोणी गेल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कार्यालयाच्या फाटकाशी मी थांबलो. पहारेकऱ्याने दोरी सोडवली, झेंडा भराभर वर नेला, पार कप्पीला टेकेपर्यंत. मला वाटलं, याला आदेश कळलेला दिसत नाही. तो क्षणभर तसाच थांबला, दोरी दोन्ही हातांत घट्ट. मग हात हात दोरी सोडत झेंडा हळूहळू खाली आणला आणि मध्यावर आल्यावर दोरीला गाठ मारली. एवढं झाल्यावर चप्पल काढून दोन पावलं मागे सरला आणि उभा राहिला.

तो चुकला नव्हता. नियमच तसा आहे. आधी ध्वज टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर तिथे ठेवायचा आणि मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी पूर्ण उतरवण्याआधीही त्याला पुन्हा एकदा टोकापर्यंत न्यायचं. म्हणून ‘अर्ध्यावर चढवला’ हेही चूक. अर्ध्यावर तो नेहमी वरून येतो. मानाची जागा त्याला आधी मिळते, शोक नंतर. ‘उतरवला’ या साध्या क्रियापदात ही सगळी हालचाल येते.

एरवीसुद्धा या दोन क्रियापदांची चाल वेगळी आहे. ध्वज चढवायचा तो झपाट्याने, उतरवायचा तो सावकाश आणि इतमामाने, असं संहिताच म्हणते. ‘ध्वजारोहण’ या शब्दातला आरोह गाण्यातलाच, वर चढत जाणारा. शाळेत पाकळ्या घालून गुंडाळलेला झेंडा आधीच टोकाला बांधलेला असतो आणि पाहुणे दोरी ओढतात, तिथे खरं तर आरोहण होत नाही. तिथे ‘फडकवला’ म्हणावं. आईच्या तोंडचं ‘झेंडावंदन’ मला या सगळ्यांत जवळचं वाटतं. ध्वजारोहण एकटा करतो, झेंडावंदन अंगणातले सगळे.

याच ओघात आणखी एक. ‘तिरंग्यात लपेटलेलं पार्थिव’ हेही ‘तिरंगे में लिपटा’ वरून आलेलं. लपेटणं म्हणजे भोवती गुंडाळणं. पार्थिवावर तिरंगा वरून पसरतात, केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून, आणि चितेला अग्नी देण्याआधी तो काढून घेतात. पार्थिवाबरोबर ध्वज जाळायचा नसतो, पुरायचाही नसतो. थंडीत निजलेल्या माणसावर आपण शाल घालतो, तसंच ते. त्याला आपल्याकडे ‘पांघरणं’ हा शब्द आहे. ‘तिरंगा पांघरलेलं पार्थिव’ लिहा.

तुमच्या फलकासाठी वाक्य असं: ‘राष्ट्रीय दुखवट्यानिमित्त राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आला आहे.’ जागा कमी असेल तर ‘राष्ट्रध्वज अर्ध्यावर आहे’ एवढंही पुरे. आत्यांना नमस्कार सांगा.