सांगलीत राहून वेबची कामं करतो. ब्राउझरमध्ये रोज नवं काहीतरी येतं, त्यातलं काय शिकावं आणि काय सोडावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही अडते, दुकानदार, क्लासवाले यांची छोटी छोटी वेबची कामं घेता. वेब असेंब्ली, वेब जीपीयू, वेब सिरियल, व्ह्यू ट्रान्झिशन अशी नावं सतत कानावर पडतात आणि आपण मागे पडतोय असं वाटत राहतं. मीही याच जिल्ह्यात हीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवी गोष्ट दिसली की मी आधी एवढंच बघतो: ती किती इंजिनांनी (ब्राउझरच्या आत पान वाचून पडद्यावर मांडणाऱ्या यंत्रणांनी) घेतली आहे? ब्राउझर ढीगभर दिसतात, पण चालू वापरातली मुख्य इंजिनं तीनच. क्रोमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे ब्लिंकवरच चालतात. त्यामुळे 'क्रोम, एज आणि ऑपेरात चालतं' असं कुणी सांगितलं तर ती तीन मतं धरू नका, ते एकच मत आहे.

हे इतकं महत्त्वाचं का, ते वेब एसक्यूएलच्या गोष्टीतून कळतं. ब्राउझरच्या आतच डेटाबेस आणि तोही ओळखीच्या एसक्यूएल भाषेत. क्रोम आणि सफारीत तो चालतही होता आणि लोकांनी त्यावर ॲप्स उभी केली होती. पण ज्यांनी ज्यांनी तो बनवला त्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हे एकच तयार डेटाबेस सॉफ्टवेअर बसवलं होतं. वेबची मानकं, म्हणजे सगळ्या ब्राउझरांनी पाळायचे नियम, ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या रिवाजाप्रमाणे मानक पुढे न्यायचं तर एकमेकांपासून स्वतंत्रपणे बनवलेल्या आवृत्त्या लागतात. त्या नव्हत्या, म्हणून २०१० मध्ये त्याचं काम थांबलं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने तो घेतलाच नाही, सफारीने पुढे काढून टाकला आणि २०२३ मध्ये क्रोमच्या ११९व्या आवृत्तीतूनही तो गेला. त्याच्या जागी इंडेक्सडीबी आहे. लिहायला किचकट आहे, पण तिन्ही इंजिनांत आहे. गिऱ्हाइकाचा हिशोब ठेवायचा असेल तर मी डोळे झाकून तोच निवडतो.

मानकं कोण ठरवतं हे थोडक्यात माहीत असू द्या. एचटीएमएलचं काम ब्राउझर बनवणाऱ्यांचा व्हॉटडब्ल्यूजी हा गट बघतो. २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने त्यांच्याशी तसा करारच केला. सीएसएस डब्ल्यूथ्रीसीत ठरतं. जावास्क्रिप्ट एक्मा संस्थेच्या टीसी-३९ समितीत ठरते. तिथे प्रस्ताव पायऱ्या चढत चौथ्या टप्प्याला पोचला की भाषेत येतो. यातली बरीचशी चर्चा गिटहबवर उघडी आहे, सांगलीत बसून वाचता येते आणि तिच्यात बोलताही येतं.

रोजच्या कामात मात्र एवढं खोदत बसायची गरज नाही. एमडीएन या वेबच्या संदर्भ-साइटवर कुठल्याही गोष्टीचं पान उघडलं की वर 'बेसलाइन'ची पट्टी दिसते. ती २०२३ पासून आली. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत एखादी गोष्ट आली की ती 'नव्याने उपलब्ध' धरतात आणि त्यानंतर ३० महिने गेले की 'सर्वत्र उपलब्ध'. आपल्या गिऱ्हाइकांसाठी मी हा ३० महिन्यांचा शिक्का पुरेसा मानतो. फक्त एक लक्षात घ्या. अँड्रॉइडवर क्रोम वेगळं अपडेट होतं, त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनवरही ब्राउझर बहुतेक वेळा ताजा असतो. आयफोनवर वेबकिट सिस्टिमबरोबरच येतं आणि आपल्याकडे आयफोनवर क्रोम उघडलं तरी आत वेबकिटच असतं. म्हणून जुना आयफोन वापरणारा गिऱ्हाईक हा खरा कसोटीचा. चाचणीसाठी असा एखादा फोन मिळवाच.

आता वेब सिरियल. हे नाव तुमच्या यादीत बघून बरं वाटलं, कारण मार्केट यार्डात त्याचा थेट उपयोग आहे. हळदीची पोती ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतात, त्यातल्या बऱ्याच काट्यांना मागे सिरियल पोर्ट (तारेने संगणकाला जोडायची खोबण) असतो. २०२१ च्या क्रोम ८९पासून डेस्कटॉपवर वेबपान त्या पोर्टशी बोलू शकतं. पान एचटीटीपीएसवर हवं आणि पोर्ट माणसाने स्वतः क्लिक करून निवडावा लागतो. बॉड रेट (पोर्टवरून माहिती येण्याचा वेग) काट्याच्या पुस्तिकेतून बघून द्यायचा. इथे एक खाच आहे. वजनाची ओळ एका दमात येईलच असं नाही. '५०.२' मधला '५०' एका तुकड्यात येतो आणि '.२' पुढच्या तुकड्यात. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत तुकडे जमवून ठेवा आणि मगच वजन वाचा. नाहीतर पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, शेतकऱ्याचे २०० ग्रॅम गायब होतील, आणि इतकी पोती उतरतात तिथे ती रक्कम लहान राहत नाही.

पण वेब सिरियल अजून पूर्ण मानक नाही, आणि सफारी चालवणाऱ्या ॲपलने २०२० मध्येच सुरक्षितता आणि गोपनीयतेचं कारण देऊन त्याला नकार दिला आहे. मग वापरायचं का? माझ्या मते अडत दुकानात वापरायचं. तिथे संगणक एकच आहे, ब्राउझर कुठला ते आपल्याला माहीत आहे आणि काटा समोर आहे. फक्त शेजारी हाताने वजन लिहायची चौकट कायम ठेवायची. शेतकरी आपली पट्टी ज्या पानावर बघतो, तिथे मात्र एकाच इंजिनात चालणारं काहीही नको. तो कुठल्या फोनवरून बघेल ते आपल्या हातात नाही.

सर्व्हिस वर्कर, म्हणजे पानाच्या मागे चालणारी आणि नेट नसतानाही साठवलेलं दाखवू शकणारी स्क्रिप्ट, मात्र आधी शिका. तो तिन्ही इंजिनांत मुरलेला आहे आणि आपल्या भागाला त्याची खरी गरज आहे. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सगळी सांगली आयर्विन पुलाजवळचा आकडा विचारते: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या पुरात तो ५७ फुटांच्या वर गेला होता. अशा वेळी वीज जाते, नेटवर्क रडतं आणि साधं पानसुद्धा उघडत नाही. सर्व्हिस वर्करने शेवटचा आकडा फोनमध्येच ठेवला तर पान निदान काहीतरी दाखवतं. पण त्या आकड्याशेजारी तो कितीचा आहे ती वेळ ठळक अक्षरात दाखवा. सकाळचे ३८ फूट संध्याकाळी ताजे म्हणून दिसले तर कुणीतरी सामान हलवायला उशीर करेल. आणि बॅकग्राउंड सिंकवर (नेट आलं की मागच्या मागे काम उरकण्याची सोय) अवलंबून राहू नका, ते क्रोमच्याच घराण्यात चालतं. पान उघडल्यावर स्वतः पुन्हा मागणी करा.

तुमच्या यादीत नसलेली, पण मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे 'इंटल'. जावास्क्रिप्टमधला हा भाग भाषा आणि प्रदेश सांभाळतो आणि मराठी कामं करणारे लोकही त्याच्याकडे बघत नाहीत. एक उदाहरण देतो. 'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर काना, मात्रा, हलन्त सुटे मोजून उत्तर येतं १०. आपल्याला दिसतात चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. एचटीएमएलचं मॅक्सलेंग्थ (चौकटीत किती मजकूर मावेल ती मर्यादा) याच १० च्या हिशोबाने मोजतं. आठवर नाव कापलं तर पट्टीवर 'ज्ञानेश्' असं पाय मोडलेलं नाव छापलं जातं.

यावर इलाज आहे इंटल सेगमेंटर, जो मजकुराचे डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तुकडे करतो. तो क्रोम आणि सफारीत आधी होता, २०२४ मध्ये फायरफॉक्समध्येही आला. यातही एक बारीक गोष्ट आहे. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात कशी मांडायची ते ठरवणाऱ्या मानकाच्या) जुन्या नियमांनी या नावाचे सहा तुकडे पडायचे: ज्, ञा, ने, श्, व, र. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला आणि जोडाक्षर अखंड धरलं जाऊ लागलं. ब्राउझर जुना असेल तर सहा, नवा असेल तर चार. म्हणून अमुक इतकेच तुकडे येतील असं गृहीत धरून कोड लिहू नका.

रकमांसाठी इंटल नंबरफॉरमॅटला मराठीचा कोड द्या. १,२५,५०० असा लाखाचा स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे आपोआप येतात. नावांची यादी लावताना इंटल कोलेटर वापरा. साध्या सॉर्टने 'ळ' लगेच 'ल'च्या मागे येतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर आहे. यासाठी कुठलीही लायब्ररी उतरवावी लागत नाही, सगळं ब्राउझरमध्येच आहे.

वेब जीपीयू (पानाला ग्राफिक्स चिपची ताकद देणारं) आणि वेब असेंब्ली (इतर भाषांतला वेगवान कोड ब्राउझरमध्ये चालवणारं) ही दोन्ही दमदार तंत्रं आहेत, पण पावत्या, हजेरी आणि भावफलक बनवताना त्यांची वेळ येत नाही. फोनवरच फोटोतली अक्षरं ओळखण्यासारखं काम आलं की वेब असेंब्लीकडे वळा. व्ह्यू ट्रान्झिशन, म्हणजे पान बदलताना दिसणारी सफाईदार हालचाल, बिनधास्त वापरा. जावास्क्रिप्टमधून वापरताना ते आहे का हे आधी तपासलं, की ज्या ब्राउझरला ते येत नाही तिथे पान नुसतं साधं बदलतं, कुणाचं काही अडत नाही.

शेवटी एक विनंती. डब्ल्यूथ्रीसीत भारतीय लिप्यांसाठी काम करणारा एक गट आहे आणि देवनागरी ब्राउझरमध्ये कुठे कमी पडते याची त्यांची उघडी नोंद आहे. तिथे मराठीची उदाहरणं मराठी माणसानेच दिली पाहिजेत. तुमच्या कामात जोडाक्षर कुठे चुकीचं तुटताना किंवा शिरोरेषा मोडताना दिसलं, तर स्क्रीनशॉट आणि ब्राउझरची आवृत्ती इथे खाली टाका. ते तिथे कसं नोंदवायचं ते मी दाखवतो.