ग्रास-फेड बीफसाठी चारशे रुपये जादा द्यावेत का?

घोडबंदर रोडवरच्या कॅफेत ‘ग्रास-फेड बीफ टेंडरलॉइन’ (ग्रास-फेड म्हणजे गवत-चाऱ्यावर पोसलेलं) साध्या स्टेकपेक्षा चारशे रुपयांनी महाग दिसलं. ते घ्यावं का, आणि मुळात महाराष्ट्रात हे चालतं का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं निम्मं त्यातच आहे.

चालतं, कारण ते म्हशीचं किंवा रेड्याचं असतं. गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. परदेशातून बीफ आणायला केंद्राची मनाई आहे. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कुरणावर चरलेलं काही या मेनूत राजरोस येऊ शकत नाही. वेटरला “बफ आहे ना?”, म्हणजे म्हशीचं मांस आहे ना, एवढंच विचारा. सरळ “हो” म्हणाला तर ठीक. “इम्पोर्टेड आहे सर” म्हणाला तर मी पास्ता मागवेन.

अमेरिकेत ग्रास-फेडचं कौतुक होतं त्याला कारण आहे. तिथे बहुतेक जनावरं शेवटचे काही महिने फीडलॉटमध्ये, म्हणजे बंदिस्त आवारात, मक्यावर पोसून लठ्ठ करतात. तसं न करता शेवटपर्यंत चाऱ्यावर ठेवलं तर ते वेगळं ठरतं. आपल्याकडची म्हैस सहसा मांसासाठी पोसलेली नसतेच. ती दुधाची, आटली की विकलेली. कल्याण-भिवंडीकडच्या तबेल्यात तिने कडबा, पेंढा, ओला चारा खाल्ला आणि जोडीला सरकीची पेंड नि तुरीची चुनी. याला ग्रास-फेड म्हणायचं तर म्हणा, पण त्याच मेनूतल्या ‘साध्या’ स्टेकची म्हैसही बहुधा हेच खात होती.

शिवाय राज्यात म्हैस कापायला दाखला लागतो, आणि दूध देणाऱ्या, विण्याजोग्या म्हशीला तो द्यायचा नाही असं कायदाच सांगतो. तेव्हा इथे कापलेलं जनावर बरेचदा उतारवयातलं. मांस गडद, धागा जाड, आत चरबीचं जाळं जवळपास नाही. अशा मांसात पैसे द्यायचे ते कटचे. टेंडरलॉइन म्हणजे आपल्या खाटकाचं अंडरकट: कण्याखालची, फारसं काम न पडलेली पट्टी. जनावरामागे दोनच निघतात, म्हणून महाग. साधा स्टेक मांडीचा असेल आणि हा अंडरकटचा, तर चारशे रुपये मला पटतात. दोन्ही अंडरकटच असतील तर ते चारशे नुसत्या लेबलचे.

यूट्यूबवर ‘पिवळी चरबी बघा, ग्रास-फेड ओळखा’ असं सांगतात, ते गाईबैलांबद्दल. गवतातलं कॅरोटीन, म्हणजे पिवळसर रंगद्रव्य, त्यांच्या चरबीत उतरतं. म्हशीच्या अंगात त्याचं जीवनसत्त्व अ होऊन जातं, म्हणून तिचं दूध पांढरं आणि चरबीही पांढरी, मग ती काहीही खावो. ही परीक्षा इथे लावूच नका.

राहिला तुमच्या डाएटवाल्या मित्राचा ओमेगा-३ या चांगल्या चरबीचा मुद्दा: चाऱ्यावरच्या मांसात ते मक्यावरच्यापेक्षा जास्त असतं हे खरं, पण मुळात थोडंसंच. बांगड्यात त्याच्या कितीतरी पट मिळतं. ओमेगासाठी स्टेक खाणाऱ्याने आधी नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात जाऊन यावं.

आता प्लेट समोर आली की काय बघायचं. सुरी धाग्याच्या आडवी चालवा. आत धागा दिसायला हवा, दाताखाली थोडा विरोध हवा. वरचा थर बोटाने दाबल्यावर पिठूळ लागला आणि गाभा मात्र चिवट निघाला, तर कच्च्या पपईत जास्त वेळ मुरवलंय. हा प्रकार ‘प्रीमियम’ म्हणवणाऱ्या ठिकाणीही सर्रास चालतो. चरबी नसल्यामुळे हे मांस क्षणात कोरडं पडतं, म्हणून वेल डन मागवून पैसे वाया घालवू नका. मीडियम सांगा, म्हणजे आत साधारण ६० ते ६३ अंश. रेअर मी इथे खात नाही. माल किती वेळ बर्फाबाहेर होता ते आपल्याला कुणी सांगत नाही. घरात कुणी गरोदर असेल तर मात्र वेल डनच. बर्गरची गोष्ट वेगळी: खिम्यात बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, त्यामुळे पॅटी ७१ अंशांपर्यंत शिजायलाच हवी. आत गुलाबी असेल तर बिनदिक्कत परत पाठवा.

आणि स्टेकचाच हट्ट नसेल तर मुंब्र्याला जा. उतारवयातल्या जनावराचं काय करायचं हे तिथल्या निहारीवाल्यांना बरोबर कळतं. नळीचं मांस रात्रभर मंद आचेवर ठेवतात, सगळे चिवट धागे विरघळून रस्सा ओठांना चिकटायला लागतो. सकाळी लवकर पोचा, उशिरा गेलात तर तळाचा रस्सा तेवढा मिळेल.